तो गेला, आता दुसरा कधी आणायचा?

घरातलं जनावर गेल्यावर दुसरं कधी आणावं, किंवा आणावंच का, या एकाच विषयावर या महिन्यात इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य सारखं आहे: ‘किती दिवस थांबायचं?’ एका वाचकाने तर तेरा दिवस पाळावेत का, असं विचारलंय. पाळावेसे वाटले तर अवश्य पाळा, त्यात गैर काही नाही. पण मनाला किती वेळ लागेल हे बाहेरच्या कुणी ठरवून देण्यासारखं नसतं. घराला किती वेळ लागेल, हे मात्र बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. गेलेलं जनावर कशाने गेलं, यावर ते ठरतं. दुःखाच्या भरात नेमका हाच हिशेब राहून जातो आणि मग दुसरं पिल्लूही त्याच वाटेने जातं. म्हणून सुरुवात अशाच एका पत्रापासून.

आमचं अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू पार्वोने गेलं. घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. चार दिवस सलाईन लावलं, पण वाचलं नाही. लसीचे दोन डोस झाले होते, तरी असं कसं झालं? दोन्ही मुली रडून बेजार आहेत. ओळखीच्यांकडे त्याच जातीची पिल्लं आहेत, येत्या रविवारी घेऊन जा म्हणतात. घर फिनाईलने तीनदा पुसून काढलंय. आणू ना?
— एक वाचक, चिंचवड

नका आणू. या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही. पिल्लू तर आणखी बरेच महिने नको.

आधी लसीबद्दल, कारण ‘आपलं काय चुकलं’ हा प्रश्न तुम्हाला छळत असणार. पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढणारे घटक मिळतात. ते पहिले काही आठवडे त्याचं रक्षण करतात, पण त्याच वेळी टोचलेल्या लसीलाही निष्प्रभ करतात. हळूहळू ते ओसरतात, आणि मधल्या काळात अशी एक फट पडते की आईकडून आलेलं बळ रोग रोखायला पुरत नाही, पण लस लागू द्यायचीही नाही इतकं शिल्लक असतं. कुठल्या पिल्लात ही फट कधी पडेल ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचे, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम असतो. अडीच महिन्यांच्या पिल्लाचे दोन डोस झाले म्हणजे ते सुरक्षित झालं असं होत नाही. दुसरं म्हणजे पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी चौदाही. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. पिल्लू बहुधा रोग घेऊनच आलं होतं. मुलींना हे जरूर सांगा.

आता घर. पार्वोच्या विषाणूवर चरबीचं आवरण नसतं. फिनाईल, डेटॉल, हाताचं सॅनिटायझर ही सगळी त्या आवरणावर हल्ला करणारी द्रव्यं आहेत. आवरणच नाही, तर ती निकामी ठरतात. तीनदा पुसलेली तुमची फरशी वासाला स्वच्छ आहे, विषाणूच्या दृष्टीने नाही. याला ब्लीच लागतं. बाजारात मिळणारं चार-पाच टक्क्यांचं पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे तीन लिटर पाण्यात १०० मिलीलिटर. साधी ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर ताजी घ्या, लिटरला पाच ग्रॅम टाका, ढवळून निवळू द्या आणि वरचं पाणी वापरा. उघडं राहिलेलं जुनं ब्लीच आपोआप कमजोर होतं. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

बहुतेकांची चूक पुढच्या पायरीला होते. विष्ठा, उलटी, धूळ, तेलकटपणा यांच्यावर ब्लीच पडलं की ते तिथेच खर्ची पडतं. त्यामुळे आधी साबणाच्या पाण्याने घासून जागा धुवायची, ते पाणी पूर्ण काढायचं, आणि मग ब्लीचचं पाणी ओतायचं. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. ओल्या फडक्याने पुसलेली फरशी पंख्याखाली दोन मिनिटांत वाळते, त्याचा उपयोग नाही. शहाबादी फरशी असेल तर सांध्यांमध्ये ब्रश घालून घासा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

स्टीलची भांडी धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा, ती पुन्हा वापरता येतात. गादी, मऊ खेळणी, दोरी, चावायची लाकडी खेळणी, पट्टा हे सगळं टाकून द्या. आठवण म्हणून पट्टा ठेवायचा असेल तर दोन पिशव्यांत बंद करून कपाटात ठेवा, पुढच्या कुत्र्याच्या गळ्यात तो घालू नका. चपला-बुटांचे तळवे आणि गाडीची मागची सीट विसरू नका. सोफा पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. मातीवर ब्लीच चालत नाही. अंगणात जिथे कडक ऊन पडतं ती जागा पाच महिने आणि सावलीची सात महिने दूषित धरावी असा संकेत आहे.

इतकं करून मग कोणाला आणायचं? पूर्ण लसीकरण झालेला, वर्षभराहून मोठा कुत्रा घराची अशी सफाई केल्यानंतर महिन्याभराने येऊ शकतो. पिल्लूच हवं असेल तर सोळा आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस झालेलं आणि त्यावर दोन आठवडे उलटलेलं घ्या, म्हणजे साधारण सव्वाचार महिन्यांच्या पुढचं. ओळखीच्यांना सांगा, तोवर एक पिल्लू आमच्यासाठी ठेवता का. नाही म्हणाले तर ते पिल्लू दुसऱ्या घरी सुखाने वाढेल.

डिस्टेंपरने गेलेल्या कुत्र्याच्या घरी हिशेब वेगळा असतो. तो विषाणू आवरणवाला आहे, साबणानेही मरतो आणि आपल्या हवेत फार टिकत नाही, महिनाभर थांबलं तरी चालतं. पण त्या आजारातून बरा झालेला दुसरा कुत्रा घरात असेल तर तो काही आठवडे, कधी काही महिने विषाणू बाहेर टाकत राहतो. मांजरांच्या पार्वोला, ज्याला डॉक्टर पॅनल्यूकोपेनिया म्हणतात, वरचे ब्लीचचे सगळे नियम लागू आहेत. मूत्रपिंड, हृदय, कर्करोग किंवा वार्धक्याने गेलेल्यांच्या घरी असं कुठलंच बंधन नाही.

आणि एक गोष्ट, जिला उशीर चालत नाही. जनावर काही दिवसांतच गेलं, वागणं एकाएकी बदललं होतं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, आणि कारण नक्की कळलेलं नाही, असं असेल तर नव्या जनावराचा विचार बाजूला ठेवा आणि ज्यांना ज्यांना चावा, ओरखडा किंवा लाळेचा संपर्क झाला त्यांनी आजच सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

आमची सोळा वर्षांची स्पिट्झ मूत्रपिंडं निकामी होऊन आजारी होती. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून इंजेक्शन देऊन तिला मुक्त केलं. संमतीच्या कागदावर सही मी केली. इंजेक्शननंतर तिचे डोळे उघडेच होते आणि तिने एक मोठा श्वास घेतला. ते डोळ्यांसमोरून जात नाही. नवरा म्हणतो दुसरी आणू म्हणजे तुझं मन रमेल. मला तो विश्वासघात वाटतो.
— एक वाचक, कोल्हापूर

तो श्वास आधी समजून घेऊ या. या कामासाठी जे औषध देतात ते भूल देणारंच औषध असतं, फक्त मात्रा खूप मोठी. मेंदू सर्वांत आधी बंद होतो, काही सेकंदांत. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. शरीर थांबल्यावरही छातीचे आणि पोटाचे स्नायू एखाद-दोनदा आकसतात, तो मोठ्या श्वासासारखा दिसतो. कधी पाय थरथरतात, लघवी होते. पापण्या मिटायला स्नायूंनी काम करावं लागतं, ते नसल्यामुळे डोळे उघडे राहतात. तुम्ही जे पाहिलंत तेव्हा तिला काहीही जाणवत नव्हतं. हे घरच्यांना आधी सांगायला हवं असतं. घाईत ते राहून जातं आणि माणसं वर्षानुवर्षं तो क्षण उराशी धरून बसतात. मूत्रपिंडं शेवटच्या टप्प्याला गेलेल्या कुत्रीला तोंडात व्रण, सततची मळमळ आणि अशक्तपणा यातून काढायला दुसरा रस्ता उरलेला नसतो. सही तुम्ही केलीत कारण घरात कुणीतरी करायलाच हवी होती.

आता यजमानांच्या सूचनेबद्दल. तुमचं मन रमवणं हे काम नव्या जनावरावर टाकू नका, ते त्याला पेलत नाही. ते पायमोजे चावेल, रात्री रडेल, तिच्या जागेवर मुतेल. त्या क्षणी तुम्हाला ते त्याच्यासाठी हवं असलं पाहिजे. याचा अंदाज घ्यायला एक साधा उपाय आहे. जवळच्या प्राणीसंस्थेत दोन-तीन रविवार दोन तास काम करा, भांडी घासा, कुत्री फिरवा. घरी येताना रडू आलं तर त्यात काही बिघडत नाही. पण तिथल्या एखाद्या कुत्र्याच्या खोड्या तुम्ही घरी सांगायला लागलात, त्याच्या कानाच्या जखमेची चौकशी करायला फोन केलात, तर मन तयार होतंय असं समजा. त्यानंतर संस्थेला विचारून दोन ते चार आठवडे एखादं जनावर तात्पुरतं सांभाळा. यात तुमच्यावर कायमचं ओझं नसतं आणि त्या जनावराचा तेवढा पिंजऱ्यातला काळ वाचतो.

जेवण-झोप कित्येक आठवडे बिघडलेली असेल, कामावर लक्ष लागत नसेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर ‘कुत्रीसाठी इतकं काय’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

दोन कुत्रे होते, दोघे बारा आणि नऊ वर्षांचे. मोठा गेल्यावर धाकटा दारापाशी बसून राहतो, दोन दिवस नीट जेवला नाही. त्याला सोबत म्हणून लगेच पिल्लू आणावं असं सगळे म्हणतात.
— एक वाचक, सोलापूर

सगळ्यांना थोडं थांबवा आणि आधी त्याला डॉक्टरकडे न्या. जोडीदार गेल्यावर कुत्रे खाणं कमी करतात, घरभर शोधतात, रात्री विव्हळतात, हे खरं. पण नऊ वर्षांच्या कुत्र्याचं न खाणं दुःखामुळे आहे की आजारामुळे, हे नुसतं बघून कळत नाही. दोघं एकाच घरात राहिले, एकच गोचीड दोघांना चावू शकते. रक्ताची तपासणी, प्लेटलेट, मूत्रपिंड आणि यकृत पाहून घ्या. मांजर असेल तर इतकंही थांबू नका. चोवीस तास काहीच न खाल्लेल्या मांजराला, त्यातही लठ्ठ मांजराला, दवाखान्यात न्यायला हवं, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते झपाट्याने जिवावर बेततं.

तपासणी ठीक आली तर औषध एकच, दिनक्रम. फिरण्याची वेळ, जेवणाची वेळ, झोपायची जागा काहीही बदलू नका. मोठ्याचं अंथरूण लगेच धुऊ नका, त्याला हवं तेव्हा तिथे बसू दे. ताट ठेवा, वीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळेला पुन्हा ठेवा. नाही खाल्लं की चिकन, तरीही नाही की हाताने भरवणं, असं केलं तर आठवड्याभरात तो साधं जेवण कायमचं सोडेल. काही आठवड्यांत बहुतेक कुत्रे सावरतात, काहींना काही महिने लागतात.

पिल्लू मात्र त्याच्यासाठी नको. नऊ वर्षांच्या कुत्र्याचे सांधे दुखत असतात आणि पिल्लू दिवसभर त्याच्या कानाला लटकतं. सोबत हवीच असेल तर चार ते सहा वर्षांची, शांत, नसबंदी झालेली कुत्री बघा. गाठ घरात घालून देऊ नका. दोघांना ओळखीची नसलेली मोकळी जागा निवडा, दोन माणसं, दोन पट्टे. सुरुवातीला वीस-तीस फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चाला, समोरासमोर नाही. पट्टा सैल ठेवा. ताणलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की काहीतरी धोका आहे, आणि पहिली भांडणं बहुतेक ताणलेल्या पट्ट्यावरच होतात. पंधरा-वीस मिनिटांत दोघं जमीन हुंगायला लागले की अंतर कमी करा, मग तीन सेकंद एकमेकांना हुंगू द्या आणि पुन्हा चालायला लागा. शेपूट ताठ, अंग गोठल्यासारखं, नजर रोखलेली दिसली तर तिथेच वळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार दिवस असं करून मग घरी आणा. त्याआधी घरातली सगळी खेळणी, हाडं आणि भांडी उचलून ठेवा. दोन आठवडे जेवण वेगळ्या खोल्यांत, झोपही वेगळी. धाकटा गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं म्हणजे तो आधी सूचना देतोय. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

नव्या कुत्र्याला जुन्याचंच नाव ठेवलं तर?
— एक वाचक, इंदूर

आमचं मत, ठेवू नये. त्या नावाने हाक मारताना तुमचा आवाज बदलतो, गळा भरून येतो, आणि कुत्रा नावापेक्षा आवाजच जास्त ऐकतो. शिवाय ‘आमचा असं करत नसे’ हे वाक्य त्या नावासोबत आपोआप येतं. दोन अक्षरी, ‘बस’, ‘नको’ अशा रोजच्या आज्ञांशी न जुळणारं नवीन नाव ठेवा. संस्थेतून आलेल्या मोठ्या कुत्र्याला आधीचं नाव असेल तर ते बदलायचीही गरज नाही.

आमची पांढरी मांजर गाडीखाली येऊन गेली. सहा वर्षांचा मुलगा सुट्टीसाठी मामाकडे कणकवलीला आहे, त्याला माहीत नाही. सासूबाई म्हणतात तो यायच्या आत तशीच पांढरी आणा, त्याला कळणार नाही. शेजारी एक पिल्लू आहेसुद्धा.
— एक वाचक, डोंबिवली

त्याला कळेल. मांजर त्याच्या पायाशी झोपायची की नाही, कोणत्या हाकेला यायची, कपाळावर ठिपका कुठे होता, हे सहा वर्षांच्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. मग तुम्ही खोटं सांगितलंत हेही त्याला कळेल, आणि पुढे कुणी आजारी पडलं की तुमच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

तो परत आल्यावर सांगा, फोनवर नको, आणि गाडीतून उतरताना दारातही नको. हातपाय धुऊन, काही खाऊन झाल्यावर जवळ घेऊन सांगा. शब्द सरळ वापरा: ‘आपली मनी मेली. तिला गाडीची धडक बसली. तिचं शरीर चालायचं थांबलं, ती आता परत येणार नाही.’ ‘झोपली’ म्हणू नका, या वयाची मुलं मग रात्री झोपायला घाबरतात. ‘हरवली’ म्हणू नका, तो रोज गच्चीवर शोधत बसेल. आजींना देवबाप्पाकडे गेली म्हणायचं असेल तर म्हणू देत, पण आधी मेली हे सांगून झाल्यावर. साधारण पाच ते सात वर्षांपर्यंत मरण कायमचं असतं हे मुलांना नीट उमगत नाही, म्हणून तो आठवडाभर तोच प्रश्न दहा वेळा विचारेल. दरवेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. तो पाच मिनिटं रडून खेळायला गेला तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका, लहान मुलं दुःख असंच तुकड्या-तुकड्यांनी करतात. आणि ‘मी दार उघडं ठेवलं म्हणून का?’ असं त्याने विचारलं नाही, तरी ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे आपणहून सांगा.

शेजारचं पिल्लू छान असेल, पण महिनाभर जाऊ द्या आणि मग त्याच्यासोबत जाऊन निवडा. आणण्याआधी खिडक्या-गॅलरीला जाळी लावून घ्या, नाहीतर तोच अपघात पुन्हा होईल.

आमचा कुत्रा गोचीडतापाने गेला. आता संस्थेतून एक गावठी कुत्रा घ्यायचाय, पण भिंतीवर अजून गोचीड दिसतात.
— एक वाचक, जळगाव

मग अजून घेऊ नका. घरातली तपकिरी गोचीड कुत्र्यावर राहते त्याहून जास्त काळ भिंतीत राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंत चढते आणि चौकटीच्या, छताजवळच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. पुढच्या अवस्थांतले किडे उपाशी कित्येक महिने काढतात. कुत्रा नसला म्हणून त्या मरून जातील ही आशा ठेवू नका.

फटी, प्लगच्या पट्ट्या, पलंगाचे सांधे व्हॅक्युमने ओढून घ्या, मग पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फवारणी माहीतगार पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. अंड्यांवर औषध चालत नाही, त्यामुळे एका फवारणीत काम होत नाही. घरात मांजर असेल तर आधी सांगा, कारण परमेथ्रिनसारखी औषधं कुत्र्याला चालतात पण मांजराला विष आहेत. सापडलेली गोचीड बोटाने चिरडू नका, चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये टाका. सलग महिनाभर एकही दिसली नाही की कुत्रा आणा.

येणाऱ्या कुत्र्याचीही तपासणी करा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यात गोचीडतापाचे जंतू लक्षणं न दाखवता दडून असू शकतात. प्लेटलेट आणि जलद चाचणी पुरते. उपचार लागले तर औषधाचा पूर्ण कोर्स, बहुधा अठ्ठावीस दिवसांचा, मध्ये बरं वाटलं तरी सोडायचा नाही. गोचिडीसाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी मिळते ती डॉक्टरांना विचारून द्या, फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल त्यांना आधी सांगा. ही गोळी रक्तात काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते. म्हणून गोळी चालू असली तरी घर साफ हवंच.

आमची पर्शियन मांजर सहाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. अगदी तशीच पुन्हा हवी आहे.
— एक वाचक, मडगाव

डॉक्टरांना विचारा, सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर पाण्याच्या गाठी दिसल्या होत्या का? दिसल्या असतील तर तो पर्शियन मांजरांमधला ओळखीचा आनुवंशिक आजार आहे. आई किंवा बाप, एकामध्ये जरी तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून ‘त्याच घराण्यातलं’ पिल्लू शोधू नका, भावनेच्या भरात अनेक जण नेमकं तेच करतात. विकणाऱ्याकडे दोन्ही पालकांच्या जनुकचाचणीचा अहवाल मागा. चाचणी रक्तावर किंवा गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर होते आणि कोणत्याही वयात करता येते. सोनोग्राफी मात्र दहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात भरवशाची नसते. अहवाल नाही असं उत्तर आलं तर तिथून उठा. साध्या घरगुती मांजरांत हा धोका फार कमी असतो, आणि दत्तकाची वाट बघणारी साधी मांजरं गोव्यात पुष्कळ आहेत.

वीस वर्षांचा पोपट गेला. बाजारात हिरव्या पोपटाचं पिल्लू मिळतंय, घेऊ का?
— एक वाचक, मालेगाव

घेऊ नका. आपले हिरवे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. पक्षीच हवा असेल तर पिंजऱ्यात पैदास होणारा बजरीगर किंवा कॉकाटील बघा, तेही जोडीने. जुना पिंजरा वापरणार असाल तर गरम पाण्याने आणि ब्लीचने धुऊन उन्हात चार दिवस ठेवा, धूळ उडवत कोरडा झाडू नका.

मी न्यू जर्सीत राहतो. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, साताऱ्याला एकटे असतात. त्यांचा जर्मन शेफर्ड दोन महिन्यांपूर्वी गेला तेव्हापासून ते सकाळी फिरायला जात नाहीत. वाढदिवसाला न सांगता लॅब्रॅडॉरचं पिल्लू पाठवावं असा विचार आहे.
— एक वाचक

कळकळ पोहोचली, पण न सांगता जनावर कधीच पाठवू नये, बाबांना तर नाहीच. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. त्याचे दुधाचे दात सुयांसारखे असतात. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर हाताची प्रत्येक ओरखड वाहत राहील. वर्षभरात तेच पिल्लू तीस किलोचं होऊन मांजर दिसली की पट्ट्यासकट झेप घेईल, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पिल्लू बारा-तेरा वर्षं जगेल. तेव्हा बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे असतील.

आधी त्यांना फोनवर शेफर्डबद्दल बोलू द्या. शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा. गावातलं कुणी हे विचारत नाही, ‘कुत्राच तर होता’ म्हणून विषय बदलतात. सकाळचं फिरणं त्यांना परत लावा, एखाद्या शेजाऱ्याला सहा वाजता हाक मारायला सांगा. ते कुत्र्यासोबतच बंद पडलंय आणि रक्तदाब-साखरेच्या दृष्टीने तेच आधी सुरू व्हायला हवं.

मग विचारा, ‘दुसरा हवा आहे का?’ नाही म्हणाले तर ते उत्तर माना. हो म्हणाले तर पाच-सहा वर्षांचा, पंधरा-अठरा किलोचा, नसबंदी आणि लसीकरण झालेला, पट्ट्यावर नीट चालणारा गावठी कुत्रा शोधा. संस्थेशी बोलून पहिला महिना तात्पुरत्या सांभाळाचा ठेवा, जमलं तर कायम.

एक कागद तयार करून फ्रिजवर लावा: रोजचं खाणं किती, औषधं कोणती, डॉक्टरचा फोन, लसीची तारीख, आणि बाबांना रुग्णालयात जावं लागलं तर कुत्रा त्याच दिवशी कोण नेईल. शेवटची ओळ त्या माणसाला विचारूनच लिहा, त्याचा होकार स्वतः ऐका, आणि खर्चासाठी त्याच्याकडे थोडी रक्कम ठेवा. कुत्रा घरी येईल तो पहिला आठवडा तुम्ही रजा काढून साताऱ्यात असलात तर उत्तम, कारण नवा कुत्रा पट्टा सोडवून पळण्याचा धोका त्याच आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि त्याच्यामागे धावायला बाबांना लावायचं नाही.